छोटा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? आधी त्याची वीज तपासा. शेतात १२ व्होल्ट बॅटरीवर पक्का पुरवठा असा तयार करा

वैराग (ता. बार्शी) : द्राक्षबागेत हवामानाची नोंद ठेवायची असो, विहिरीवर कॅमेरा लावायचा असो नाहीतर शाळेत मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचे असो, तळहातावर मावणारा एका बोर्डाचा कॉम्प्युटर ही कामे करतो. ‘रास्पबेरी पाय’ हा त्यातला सगळ्यात माहितीचा बोर्ड.

पण बसवल्यावर थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. मधेच बंद पडतो, आपोआप रिस्टार्ट होतो, मेमरी कार्ड उडते. ऐन दावण्याच्या दिवसांत रात्री दमट हवा किती तास होती, ही नोंदच सापडत नाही आणि फवारणीचा निर्णय अंदाजावर घ्यावा लागतो. मग बोर्ड खराब निघाला म्हणून काही हजार घालून दुसरा आणला जातो. तोही तसाच वागतो, कारण अनेकदा दोष बोर्डाला मिळणाऱ्या विजेत असतो.

मोबाईलचा चार्जर का चालत नाही?

मोबाईलच्या पोटात बॅटरी असते. चार्जर कमजोर असला तर फोन फक्त सावकाश चार्ज होतो. या बोर्डात बॅटरी नसते. व्होल्टेज क्षणभर पडले तरी तो अडखळतो आणि त्याच वेळी कार्डावर लिहिणे चालू असेल तर कार्ड बिघडते.

२०१९ मध्ये आलेल्या ‘पाय ४’ला कंपनीने ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा सांगितला आहे. २०२३ च्या ‘पाय ५’ला ५ अँपिअर लागतात. व्होल्टेज साधारण ४.६ च्या खाली गेले की स्क्रीनवर विजेचे पिवळे चिन्ह दिसते. ते दिसले की बोर्ड उपाशी आहे असे समजावे. पुढचा हिशोब ‘पाय ४’चा आहे.

वायर म्हणजे पाईपच

लांब आणि बारीक पाईपला शेवटच्या ड्रीपरवर दाब पडतो, तसेच इथे होते. स्वस्त केबलच्या आत केसासारख्या तारा असतात. अशा एक मीटर केबलमधून अडीच अँपिअर गेले तर जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच जातो. निघताना ५.१ असलेले बोर्डापाशी ४.१ उरतात. अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर वापरली तर तेवढ्याच अंतरात घट पाव व्होल्टच्याही आत राहते.

म्हणून लांबचे अंतर १२ व्होल्टने कापावे आणि ५ व्होल्ट करणारे मॉड्यूल बोर्डाच्या शेजारी बसवावे.

बॅटरी मध्ये का हवी?

शेतातल्या लाईटची पाळी ठरलेली, त्यात डीपीचा फ्यूज जातो, रात्री मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज चढते. न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजवरच्या वस्तू जळतात. मध्ये बॅटरी असली आणि ती सोलर पॅनेलवर चार्ज होत असली, तर या कशाचाच बोर्डाशी संबंध राहत नाही.

जोडणी अशी करा

१. पॅनेल आणि बॅटरी सोलर चार्ज कंट्रोलरला जोडा. आधी बॅटरी, मग पॅनेल. बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज हवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण शॉर्ट झाल्यास वायर पेटते.

२. कंट्रोलरच्या ‘लोड’ टोकावरून ३ अँपिअरच्या फ्यूजमधून वायर ‘बक कन्व्हर्टर’ मॉड्यूलला न्या. बॅटरी फार उतरली की कंट्रोलर लोड तोडतो आणि बॅटरी वाचते. कंट्रोलरवरच्या यूएसबी सॉकेटवर भरवसा ठेवू नका, अनेकदा ते पुरेसे अँपिअर देत नाही.

३. मॉड्यूल ३ अँपिअर लिहिलेले असले तरी स्वस्तातले तेवढ्यावर तापते. ५ अँपिअरचे घ्या. ७८०५ हा जुना रेग्युलेटर इथे नको. २ अँपिअरला १० वॅट बोर्डाला देताना तो १४ वॅटची नुसती उष्णता करतो.

४. बोर्ड जोडण्याआधी मल्टिमीटर लावून मॉड्यूलचा स्क्रू फिरवा आणि ५.१ व्होल्ट करा. नवे मॉड्यूल किती व्होल्टवर ठेवलेले असेल ते सांगता येत नाही. ही पायरी चुकली तर बोर्ड त्याच क्षणी जातो.

५. आता भार टाकून बघा. गाडीचे १२ व्होल्ट, २१ वॅटचे दोन बल्ब ५ व्होल्टवर मिळून साधारण २ अँपिअर ओढतात. ते पेटलेले असताना वायरच्या शेवटच्या टोकाला ५ च्या वर व्होल्टेज हवे. अर्धा तास ठेवा आणि मॉड्यूल किती तापते ते पाहा.

६. सगळे ठीक असेल तरच यूएसबी-सीच्या टोकातून बोर्ड जोडा. पिनांवर सरळ ५ व्होल्ट देता येतात, पण तिथे संरक्षण नसते. प्लस-मायनस उलटे झाले तर बोर्ड गेलाच.

बॅटरी केवढी?

कॅमेऱ्यासह बोर्ड सरासरी ५ वॅट घेतो असे धरू. २४ तासांचे १२० वॅट-तास. मॉड्यूलमधली घट धरून सुमारे १४० वॅट-तास. त्याला १२ ने भागले की जवळपास १२ अँपिअर-तास येतात. लेड अॅसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणून एका दिवसासाठी २४ ते २६ अँपिअर-तासांची लागते. पावसाळ्यात दोन दिवस ऊन नाही असे धरले तर दुप्पट.

दिवसाला पाच तास चांगले ऊन धरले तर १४० भागिले ५, म्हणजे २८ वॅट. धूळ, उष्णता आणि चार्जिंगमधली घट धरून ५० वॅटचे पॅनेल घ्यावे. बॅटरी बंद डब्यात कोंडू नका. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, हवा खेळती हवी.

बोर्ड काढताना आधी तो आतून शटडाऊन करा, मग वायर काढा. आणि पुढच्या वेळी बंद पडला तर नवा बोर्ड आणायच्या आधी बोर्ड चालू असताना त्याच्या टोकाला मल्टिमीटर लावा. आकडा ४.८ च्या खाली दिसला तर केबल आणि मॉड्यूल बदलून बघा.