दोन पौंडांचा सौदा

२ नोव्हेंबर २०१२ रोजी ब्रिटनमधली कॉमेट ही टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन विकणारी दुकानांची साखळी दिवाळखोरी प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि १८ डिसेंबरला, नाताळ जेमतेम आठवड्यावर आला असताना, तिचं शेवटचं शटर खाली आलं. २३६ दुकानं आणि जवळपास सात हजार नोकऱ्या गेल्या. मृत्यूचं कारण बहुतेकांनी दोन शब्दांत लिहून टाकलं : ऑनलाइन खरेदी. लोक दुकानात येऊन टीव्ही बघतात आणि घरी जाऊन इंटरनेटवर मागवतात, मग दुकान चालणार कसं? हे निदान खोटं नाही, पण अर्धवट आहे. कॉमेट आजारी का पडली हे त्यातून कळतं. ती नेमकी त्याच महिन्यात, त्याच पद्धतीनं का मेली आणि मागे राहिलेलं बिल कुणाच्या माथी आलं, हे कळत नाही. त्यासाठी गिऱ्हाइकाच्या सवयींपेक्षा कर्जाच्या कागदांकडे बघावं लागतं, आणि तिकडे बघायचा कंटाळा जवळपास सगळ्यांनाच असतो.

कॉमेटची सुरुवात १९३३ साली, ईशान्य इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावी झाली. विकायला तेव्हा तिच्याकडे फारसं काही नव्हतंच. त्या काळात पुष्कळ घरांत वीज पोहोचलेली नव्हती, पण रेडिओ पोहोचला होता. तो चालायचा आम्लानं भरलेल्या, काचेच्या जड बॅटरीवर, आणि ही बॅटरी थोड्या थोड्या दिवसांनी उतरायची. कॉमेटची माणसं घरोघर जाऊन उतरलेली बॅटरी उचलायची, भरलेली ठेवायची आणि ठरलेले पैसे घ्यायची. पुढे घरोघर वीज आल्यावर हा धंदा संपणार हे उघड होतं. तो संपला आणि कॉमेट रेडिओ-टीव्ही विकू लागली. पायाखालचं तंत्रज्ञान बदललं म्हणून दुकान मरतंच असा नियम असता, तर कॉमेट पन्नासच्या दशकातच संपली असती.

तिला खरी भरारी मिळाली ती एका कायद्यामुळे. आपल्याकडे वस्तूवर एमआरपी छापलेली असते. दुकानदार तिच्यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, कमी हवं तेवढं घेऊ शकतो. ब्रिटनमध्ये बरोबर उलटं होतं. उत्पादक ठरवून देईल त्या किमतीच्या खाली माल विकायला दुकानदाराला मनाई असे आणि कुणी विकलाच तर उत्पादक त्याला कोर्टात खेचू शकत असे. १९६४च्या कायद्यानं, पुस्तकं आणि औषधांसारखे अपवाद पुढे राखून, ही पद्धत मोडीत काढली. चार वर्षांनी, १९६८ साली, कॉमेटनं हलमध्ये सवलतीचं गोदाम उघडलं. सजावट नाही, मांडणी नाही. वर्तमानपत्रात मॉडेलचे नंबर आणि शेजारी किमती अशी रकाने भरभरून जाहिरात. हाय स्ट्रीटवर, म्हणजे गावातल्या मुख्य बाजारपेठेत, झगमगीत दुकानात वस्तू निरखून बघावी, मॉडेलचा नंबर लक्षात ठेवावा आणि खरेदी कॉमेटकडे करावी, अशी सोय त्यातून झाली. ‘बघायचं इथं, घ्यायचं तिथं’ या ज्या सवयीनं कॉमेटला मारलं असं सांगितलं जातं, तिच्याच जिवावर ती चाळीस वर्षं आधी मोठी झाली होती. छोट्या दुकानदारांनी तेव्हा तिच्या नावानं बोटं मोडली असतील तर नवल नाही.

म्हणजे स्वस्ताईवर उभ्या राहिलेल्या दुकानाला आणखी स्वस्त कुणीतरी भेटलं, एवढीच ही गोष्ट आहे का? तसं असतं तर करीजही बुडायला हवी होती. ही कॉमेटची थेट प्रतिस्पर्धी साखळी. तोच माल, तशीच शहराबाहेरच्या रिटेल पार्कमधली मोठी दुकानं, तेच गिऱ्हाईक आणि तेच इंटरनेट. करीज आजही चालू आहे. तिच्याही अडचणी होत्या, तिनंही दुकानं बंद केली. पण ती उभी राहिली. साथ एकच असताना एक दगावतो आणि दुसरा वाचतो, तेव्हा साथीला दोष देऊन भागत नाही.

आजार होता हे मात्र नाकारून चालणार नाही. या धंद्यात टीव्हीवर फारसं सुटत नाही. कमाई असते ती टीव्हीबरोबर विकल्या जाणाऱ्या गोष्टींवर : केबल, हप्त्यांची सोय आणि सगळ्यांत जास्त म्हणजे वाढीव वॉरंटी. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगानं २००३ साली या वॉरंटीच्या बाजाराची चौकशी केली, गिऱ्हाइकाला त्यात खरी निवडच मिळत नाही असा ठपका ठेवला आणि २००५पासून किंमत आधी सांगण्याचं, विचार करायला वेळ देण्याचं बंधन घातलं. गिऱ्हाइकाचं भलं झालं. दुकानाचा नफा आटला. मग २००८चं आर्थिक संकट आलं आणि घरांची खरेदी थंडावली. नवं घर घेतलं की फ्रिज आणि वॉशिंग मशीन येतंच. घरच घेतलं नाही तर जुन्या मशीनवर निभतं. एलसीडी टीव्हीची मोठी लाटही ओसरत चालली होती. या ओढाताणीचा एक मासला बघण्यासारखा आहे. जानेवारी २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टनं कॉमेटवर दावा लावला. विंडोजच्या दुरुस्तीच्या सीडींचे ९४,०००हून जास्त संच परवानगीशिवाय बनवून कॉमेटनं संगणक घेणाऱ्यांना विकले, असा आरोप होता. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठीच आम्ही ते केलं, असं कॉमेटचं म्हणणं. खरंखोटं बाजूला ठेवू. शेकडो पौंडांचा संगणक विकणाऱ्या दुकानाला पंधरा-एक पौंडांच्या सीडीचा मोह का पडावा, यातच या धंद्याचं गणित दिसतं.

आता सौद्याकडे येऊ. १९८४पासून कॉमेट एका मोठ्या समूहाच्या, पुढे किंगफिशर नावानं ओळखल्या गेलेल्या कंपनीच्या, मालकीची होती (आपल्या विमानवाल्या किंगफिशरशी तिचा काही संबंध नाही). २००३ साली केसा ही वेगळी कंपनी काढून तिच्याकडे कॉमेट आणि फ्रान्समधली दार्ती सोपवली गेली. दार्ती कमावत होती, कॉमेट गमावत होती. नोव्हेंबर २०११मध्ये केसानं कॉमेट विकायचं ठरवलं आणि फेब्रुवारी २०१२मध्ये ऑपकॅपिटा या गुंतवणूक संस्थेनं ती घेतली. किंमत : दोन पौंड. शिवाय केसानंच वरून ५ कोटी पौंड घातले. पोरगी खपवायला हुंडा द्यावा तसा प्रकार, आणि ब्रिटिश पत्रकारांनीही त्याला हुंडाच म्हटलं. अशा सौद्याचा पायंडा नवा नव्हता. एमएफआय या फर्निचरच्या साखळीची दुकानं २००६ साली एका पौंडाला विकली गेली होती आणि दोन वर्षांत ती बंद पडली होती.

या सौद्यातला दोन पौंडांचा आकडा लक्षात राहतो, पण महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. कॉमेटवर तिच्या मूळ समूहाचं साडेअकरा कोटी पौंडांचं कर्ज होतं. घरातल्या घरात दिलेलं, तारण नसलेलं. सौदा पुरा होताना ते फेडलं गेलं आणि त्याच्या जागी नव्या मालकांशी जोडलेल्या कंपनीचं कर्ज आलं. हे नवं कर्ज तारणाचं होतं. कॉमेटकडे जे काही होतं त्यावर पहिला हात त्याचा. कंपनी चालू असेपर्यंत या दोन कर्जांत दुकानात येणाऱ्याला काही फरक दिसत नाही. बुडाली की दिसतो. दिवाळखोरीत पैसे वाटण्याची एक ओळ असते. तारण असलेला सावकार पुढे, कामगारांचा थकलेला पगार थोड्या मर्यादेपर्यंत मध्ये, आणि बिनतारणी देणेकरी, म्हणजे उधारीवर माल देणारे पुरवठादार, ओळीच्या शेवटी. फिरत्या मालावरच्या तारणातून थोडी रक्कम या शेवटच्यांसाठी बाजूला काढावी असं ब्रिटिश कायदा सांगतो, पण तिच्यावर तेव्हा सहा लाख पौंडांची कमाल मर्यादा होती. कोट्यवधींची देणी असताना सहा लाखांत कुणाच्या वाट्याला काय येणार? साडेअकरा कोटींचं कर्ज शेवटून पुढे सरकलं, तेव्हा मागे उभे असलेले सगळे आणखी मागे ढकलले गेले.

पुरवठादार याबाबत भोळे नसतात. त्यांच्या वतीनं हिशेब करणारी एक मंडळी असते : उधारीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या. दुकान टीव्ही घेतं ते उधारीवर. माल आज येतो, विकला जातो आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी चुकते होतात. या उधारीवरच दुकानाचं खेळतं भांडवल खेळत असतं. दुकान बुडालं तर पुरवठादाराचं नुकसान विमा कंपनी भरून देते. ती दुकानाचे हिशेब तपासते, मालक कोण हे बघते आणि आपण ओळीत कुठे उभे आहोत हेही मोजते. कॉमेटच्या पुरवठ्यावर पुरेसा विमा मिळेना. विमा नाही म्हटल्यावर पुरवठादार रोखीची, आगाऊ पैशांची मागणी करू लागले. त्यात तोंडावर नाताळ. तिथल्या दुकानदाराला नाताळ म्हणजे आपल्याकडची दिवाळी. वर्षाचा धंदा त्या काही आठवड्यांत, आणि त्यासाठी माल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच गोदामात हवा. वर्षातला सगळ्यांत जास्त माल रोखीनं भरायचा म्हणजे नेमकी जी रक्कम कॉमेटजवळ नव्हती ती उभी करायची. म्हणून नोव्हेंबर. इंटरनेट त्याच्या आधीच्या जूनमध्येही होतं आणि नंतरच्या मार्चमध्येही असणार होतं.

यावर पहिला आक्षेप असा, की मरणारी कंपनी मेली, सौद्यानं फार तर आठ-नऊ महिने मिळवून दिले. स्वतः मालकच पैसे देऊन तिला बाहेर काढतो, याहून मोठा पुरावा कोणता? आक्षेपात तथ्य आहे. कॉमेट आहे त्या रूपात टिकली असती असा दावा कुणी शहाणा करणार नाही. पण धंदा आखडता घेणं आणि कोसळणं यांत फरक असतो. मूळ मालकानं स्वतः दुकानं टप्प्याटप्प्यानं बंद केली असती तर कामगारांची भरपाई आणि पुरवठादारांची देणी त्याच्याच तिजोरीतून गेली असती. दोन पौंडांत आणि वर ५ कोटी देऊन कॉमेट गेली ती याच खर्चाची वजाबाकी करून. खर्च नाहीसा झाला नाही; त्यानं फक्त पत्ता बदलला.

तो कुठे गेला हे आकड्यांत दिसतं. दिवाळखोर मालकाच्या कामगारांना कायद्यानं ठरलेली भरपाई ब्रिटनमध्ये सरकारी निधीतून मिळते. कॉमेटपायी सरकारी तिजोरीला एकूण सुमारे ४.९ कोटी पौंडांचा फटका बसेल असा अंदाज तेव्हा दिला गेला. त्यात बुडालेला करही आला. शिवाय २०१४ साली कामगार न्यायाधिकरणानं ठरवलं, की मोठ्या संख्येनं माणसं कमी करण्याआधी त्यांच्याशी जी सल्लामसलत कायद्यानं बंधनकारक होती ती झालीच नाही. नुकसानभरपाई मंजूर झाली. कंपनीकडे काही उरलं नव्हतं म्हणून तीही, मर्यादेत, सरकारी निधीतूनच. नियम मोडला कंपनीनं आणि दंड भरला करदात्यानं.

दुसरा आक्षेप गुंतवणूकदारांच्या बाजूचा : त्यांनीही जोखीम घेतली, आणि तारण असूनही त्यांचं सगळं कर्ज वसूल होणार नाही असा प्रशासकांचा अहवाल होता. मान्य. माझा मुद्दा कुणी लुटलं असा नाहीच. ज्यानं मोजूनमापून, तारण लिहून घेऊन, वकील बसवून जोखीम घेतली, त्याची तुलना जिला आपण ती घेतोय हेच माहीत नव्हतं अशा गल्ल्यावरच्या मुलीशी करता येत नाही, एवढाच आहे. भेटकार्डं घेऊन आलेल्या लोकांना पहिले काही दिवस ती चालणार नाहीत म्हणून परत पाठवलं गेलं, पुढे ती स्वीकारली गेली. भेटकार्ड विकत घेणारा हाही बिनतारणी देणेकरीच असतो. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार : हे सारं कायदेशीर होतं. कॉमेटच्या अवसायकानं, म्हणजे बुडालेली कंपनी गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्यानं, त्या साडेअकरा कोटींच्या परतफेडीवरच बोट ठेवून मूळ समूहावर दावा केला. बुडत्या कंपनीनं एका देणेकऱ्याला झुकतं माप दिलं, असं त्याचं म्हणणं होतं. २०२२ साली उच्च न्यायालयानं ते बहुतांशी मानलं आणि सुमारे नऊ कोटी पौंड भरायला सांगितले. दार्तीसकट तो समूह तोवर फ्रान्सच्या फ्नाकनं विकत घेतला होता, त्यामुळे बिल पॅरिसला गेलं. ऑक्टोबर २०२३मध्ये अपील न्यायालयानं निकाल फिरवला. झुकतं माप देण्याच्या इच्छेनं कॉमेटनं तो निर्णय घेतल्याचं त्याला मान्य झालं नाही. निकाल मान्य करायलाच हवा. पण दोन न्यायालयं दहा-अकरा वर्षांनी एकाच व्यवहाराबद्दल उलटसुलट बोलतात, तेव्हा इथली रेषा किती पुसट आहे हे कळतं. कायद्याच्या लेखी कंपनीच्या मनात काय होतं हा प्रश्न. टीव्ही पुरवून पैसे बुडालेल्यासाठी तो प्रश्नच गैरलागू आहे.

मधल्या काळात ब्रिटिश सरकारनं दिवाळखोरीत पैसे वाटण्याच्या ओळीत दोन बदल केले. एप्रिल २०२०मध्ये सहा लाखांची मर्यादा नव्या तारणांसाठी आठ लाख झाली. आणि १ डिसेंबर २०२०पासून दुकानानं गिऱ्हाइकांकडून गोळा केलेला व्हॅट, कामगारांच्या पगारातून कापलेला कर अशा रकमांसाठी कर खातं बिनतारणी गर्दीतून उठून पुढे जाऊन उभं राहिलं. सरकारनं स्वतःची जागा सुधारून घेतली, पुरवठादार एक पायरी मागे गेला. उधारीचा विमा उतरवणाऱ्यांना हे आकडे पाठ असतात. पुढच्या एखाद्या अडलेल्या साखळीच्या बाबतीत ते कॉमेटच्या वेळेपेक्षा उशिरा हात काढून घेतील, असं मानायला काही कारण दिसत नाही.