गुंज आणि तिचे शास्त्रीय नाव

गुंज ही शिंबावंत कुलातील रानटी, बहुवर्षायू वेल भारतात रानांच्या कडेने व कुंपणांवर पुष्कळ ठिकाणी आढळते. शेंगा सुकून उकलल्या म्हणजे आतील लालभडक, एका टोकास काळा ठिपका असलेले बी दिसू लागते. सोनाराच्या तराजूत हेच बी वजन म्हणून पडत असे : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. हिंदीत तिला घुंघची किंवा रत्ती म्हणतात, बंगालीत कुंच, तमिळमध्ये कुंडुमणी.

शास्त्राने तिला एकच नाव द्यावे, ही गोष्ट मात्र सहजासहजी घडली नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली तिला ‘ग्लायसिन’ या प्रजातीत घालून ‘ग्लायसिन ॲब्रस’ असे नाव दिले. पुढे १७६३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आडान्सन याने ‘ॲब्रस’ ही प्रजाती वेगळी मानली आणि १७६७ मध्ये खुद्द लिनीअसनेही ‘ॲब्रस प्रिकॅटोरियस’ असे नाव योजिले. आता नियम असा की, वनस्पती एका प्रजातीतून दुसरीत गेली तरी तिचे सर्वांत जुने जातिवाचक पद कायम राहावे. त्या हिशेबाने गुंजेचे नाव ‘ॲब्रस ॲब्रस’ व्हायला हवे! प्राणिशास्त्रात अशी द्विरुक्ती चालते. आपला नाग ‘नाजा नाजा’च आहे. वनस्पतिशास्त्रास ती मान्य नाही. त्यामुळे नंतरचे नाव टिकले.

‘ॲब्रस’ म्हणजे ग्रीक भाषेत नाजूक. कोवळी संयुक्त पाने पाहिली की ते पटते. ‘प्रिकॅटोरियस’ म्हणजे प्रार्थनेसंबंधी, कारण या बियांच्या जपमाळा करीत. हे नाव जितके सात्त्विक तितके बी घातक आहे. त्यातील ॲब्रिन हे प्रथिन पेशींमधील प्रथिननिर्मितीच बंद पाडते. कवच कठीण असल्याने अखंड गिळलेले बी बहुधा तसेच बाहेर पडते. चावलेले बी प्राणावर बेतू शकते, आणि माळेसाठी भोक पाडले की कवचाचे संरक्षण उरत नाही.

पाला मात्र गोड, विड्यात घालण्याजोगा. मूळही गोडसर असल्याने ज्येष्ठमधाऐवजी ते विकले जाते. ज्येष्ठमधही शिंबावंत कुलातलेच, पण ते ‘ग्लिसिऱ्हायझा ग्लॅब्रा’. त्याची प्रजातीच निराळी.