ड्वार्फ हॅमस्टरला पिंजरा घेताय?

शेजारच्या पोराला वाढदिवसाला ड्वार्फ हॅमस्टर मिळाला, सोबत रंगीत तिमजली पिंजरा. दिसायला झकास, पण गजांमधून माझी करंगळी आरपार!

या जिवाचं डोकं जिथून जातं, तिथून अख्खं अंगही निसटतं. गजांमधलं अंतर ६-७ मिलिमीटरच्या आतच हवं.

मजल्यांचा मोह सोडा. हे बिळं खोदणारे प्राणी. त्यांना ऐसपैस तळ लागतो, जमल्यास १०० बाय ५० सेंटिमीटर. त्यावर कागदी बेडिंगचा १५-२० सेंटिमीटर थर.

माझी पसंती जुन्या फिशटँकला, वर जाळीचं झाकण. स्वस्तात मिळतो, बेडिंगही घरभर होत नाही. फक्त उन्हात ठेवू नका, काच तापते.

चाक सलग पृष्ठभागाचं घ्या. जाळीच्या चाकात पाय अडकतात.

तुमच्या पिंजऱ्याचं माप टाका, बघून सांगतो.