शत्रूचा नव्हे, आपल्याच पेशीचा चेहरा

नॅचरल किलर म्हणजे एनके पेशी रक्तात गस्त घालतात आणि विषाणू किंवा कॅन्सर दिसला की त्याला मारतात, असे सर्रास सांगितले जाते. यातले मारणे खरे; ‘दिसला की’ हा भाग मात्र दिशाभूल करणारा आहे. टी पेशीवरचा ग्राही एखाद्या विशिष्ट परक्या तुकड्याशी जुळतो. एनके पेशीकडे प्रत्येक शत्रूसाठी असा वेगळा ग्राही नसतो. ती आपल्याच शरीरातली पेशी चाचपते आणि तिच्या पृष्ठभागावर काय आहे, काय नाही, याचा हिशेब करते. एकदा हे ध्यानात आले की तिच्याभोवतीचे बरेचसे गैरसमज आपोआप सुटतात.

१९७५ मध्ये स्टॉकहोममध्ये किसलिंग, क्लाइन आणि विगझेल यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेत हर्बरमन यांनी, पूर्वी कोणतीही ‘ओळख’ करून न देता कॅन्सरपेशी मारणाऱ्या या पेशींचे वर्णन केले. ‘नॅचरल’ हे विशेषण त्यावरूनच आले. मग त्या बळी निवडतात कशा? क्लास कार्रे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उंदरांवरचा निर्णायक पुरावा मांडला. एकाच लिंफोमाच्या दोन प्रकारांपैकी ज्याने पृष्ठभागावरचे, पेशी ‘आपली’ असल्याची खूण असणारे एमएचसी रेणू गमावले होते, तोच एनके पेशींनी नाकारला. काही परके आले म्हणून नव्हे, आपले काहीतरी हरवले म्हणून हल्ला झाला होता. माणसात या रेणूंना एचएलए म्हणतात. ते जागेवर असले की एनके पेशीवरचे रोधक ग्राही तिला थांबवतात. उंदरातला असा ग्राही १९९२ मध्ये योकोयामा यांच्या गटाने दाखवला. ही व्यवस्था किती नेमकी आहे पाहा. टी पेशी परका तुकडा एचएलएवर मांडलेला असेल तरच ओळखतात; म्हणून त्यांच्यापासून लपण्यासाठी सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू पेशीवरचे एचएलए खाली ओढतो, अनेक कॅन्सरही ते गमावतात, आणि लपण्याची तीच युक्ती त्यांना एनके पेशींसमोर उघडे पाडते.

यावर रास्त आक्षेप असा: तांबड्या रक्तपेशींवर तर हे रेणू जवळजवळ नसतातच, मग त्या वाचतात कशा? म्हणजे केवळ उणीव पुरत नाही. मारण्याचा होकारही मिळावा लागतो. डीएनएला इजा झालेल्या, संसर्ग झालेल्या किंवा बेबंद वाढणाऱ्या पेशी मायका, मायकबी यांसारखी ताणाची प्रथिने बाहेर मांडतात आणि एनके पेशीवरचा एनकेजी२डी हा ग्राही ती धरतो. प्रतिपिंडांनी माखलेली पेशी सीडी१६ या ग्राहीमुळे ओळखली जाते. रिटुक्सिमॅबसारखे प्रतिपिंड-औषध काही अंशी याच वाटेने काम करते. होकार आणि नकार एकत्र तोलले जातात. होकार पुरेसा जोरदार असेल, तर एचएलए शाबूत असलेली पेशीही मारली जाते. निकाल मृत्यूचा लागला की परफोरिन आणि ग्रँझाइम ही मारक प्रथिने सोडली जातात, तेही दोन पेशींच्या संपर्काच्या जागीच. म्हणून शेजारच्या निरोगी पेशी सहसा वाचतात.

मग कॅन्सर होतोच का? कारण समोरचाही बदलत असतो. सायटोमेगॅलोव्हायरस एचएलएसारखे दिसणारे नकली प्रथिन पुढे करतो आणि मायकबीला पेशीच्या आतच अडकवून ठेवतो. काही गाठी मायका तोडून रक्तात सोडतात, त्यामुळे एनके पेशींवरचे एनकेजी२डी कमी होते. म्हणूनच ‘किलर पेशी वाढवणाऱ्या’ गोळ्यांचे दावे मला पटत नाहीत. रक्तातल्या लिंफोसाइट्सपैकी साधारण ५ ते १५ टक्के एनके असतातच. प्रश्न त्या समोरच्या पेशीला काय म्हणून वाचतात हा आहे. पेरुजियातल्या संशोधकांनी २००२ मध्ये तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत हेच दाखवले: अर्धजुळणाऱ्या दात्याच्या एनके पेशींना थांबवणारे एचएलए रुग्णात नसले, तर प्रत्यारोपणानंतर तो कॅन्सर उलटण्याचे प्रमाण कमी होते.