शस्त्रपरवाना आणि प्रशिक्षणाची आवश्यकता

धाराशिव जिल्ह्यात स्वसंरक्षणार्थ बंदुकीचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. परवान्याने शस्त्र बाळगण्याचा अधिकार प्राप्त होतो. ते केव्हा चालवू नये, हा विवेक मात्र प्रशिक्षणातून येतो. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम १० नुसार या प्रशिक्षणात सुरक्षित हाताळणी, गोळी झाडण्याचे तंत्र, निगा, साठवण व वाहतूक यांचा अंतर्भाव होतो. शेतवस्तीवर रात्री चाहूल लागताच झाडलेली गोळी घरच्याच माणसाचा बळी घेऊ शकते. म्हणून लक्ष्याची ओळख पटेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवणे, हा पहिला धडा होय. भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्यास मुभा देत नाही. सारांश, प्रशिक्षणाविना शस्त्र हे संरक्षण नसून धोकाच ठरते.