पोटभाडेकरूची गोष्ट

सप्टेंबर २०१५ मधली ती संध्याकाळ आमच्या घरात अजून कोणी विसरलेले नाही. माझा थोरला भाऊ सांगली जिल्ह्यात छोटी सरकारी बांधकामे घेतो. गटारे, सिमेंटचे रस्ते, शाळांच्या संरक्षक भिंती. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत अशाच एका भिंतीची निविदा ऑनलाइन भरायची होती. बयाणा रक्कम भरलेली, दरपत्रक दोन रात्री जागून तयार केलेले, डिजिटल सहीचे टोकन संगणकाला जोडलेले. फक्त सही उमटायची बाकी होती. आणि पडद्यावर सहीच्या बटणाच्या जागी नुसता करडा, रिकामा चौकोन! चार वाजता दादाचा फोन आला, "अरे, गेल्या महिन्यात इथं बटण होतं. आज गेलं कुठं?"

घरातला संगणकवाला मी. उत्तर मलाच द्यायचे होते, आणि ते देताना माझी जीभ अडखळत होती. सहीचे ते बटण जावाच्या प्लगइनवर चालत असे. क्रोम ब्राउझरने त्या वर्षीच्या एप्रिलमध्येच असले जुन्या पद्धतीचे प्लगइन बंद करून ठेवले होते. पण एक सेटिंग बदलली की ते पुन्हा चालू होत. माझ्या पुतण्याने ती खुबी शोधून काढली होती, म्हणून उन्हाळा निभावला. सप्टेंबरात पंचेचाळिसावी आवृत्ती आली आणि ती सेटिंगच नाहीशी झाली. ब्राउझर आपोआप नवा झाला होता. "ब्राउझर कायम ताजा ठेव, दादा," हा सल्ला माझाच.

जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये जावा अजून चालत होते. पण हे आम्हाला सुचले पावणेपाच वाजता. त्यात टोकन ओळखले जाईपर्यंत पाच वाजून गेले. भिंत दुसऱ्या कोणीतरी बांधली. दादाच्या हाताखालच्या गवंड्यांची ती दिवाळी कोरडी गेली. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. त्याचेच मला जास्त लागले.

हे प्लगइन प्रकरण आहे तरी काय? आपल्याकडच्या वाचकांना पोटभाडेकरू हा शब्द नव्याने सांगायला नको. संगणकातली विंडोज, लिनक्स किंवा मॅक ही कार्यप्रणाली म्हणजे घरमालक. ब्राउझर हा भाडेकरू. आणि ब्राउझरला स्वतःला जे जमत नाही, म्हणजे चलचित्र दाखवणे, खेळ खेळवणे, सही करणे, ते करून देणारा प्लगइन हा त्याने ठेवलेला पोटभाडेकरू. १९९० च्या दशकाच्या मध्यावर नेटस्केप ब्राउझरने ही सोय आणली. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली ॲक्टिव्ह-एक्स ही पद्धत आणली. सोय मोठीच होती. पण प्रत्येक घरमालकासाठी प्लगइन वेगळा बनवावा लागे. विंडोजसाठी बनवलेला लिनक्सवर चालत नसे. शिवाय या पोटभाडेकरूच्या हाती साऱ्या घराच्या किल्ल्या असत. त्याच्यातले एखादे भोक चोराला सापडले, की चोर थेट आतल्या खोलीत. ब्राउझरवाल्यांनी त्याला बाहेर काढले ते उगाच नव्हे.

आमची तर एक निविदा गेली. दक्षिण कोरियात सारा देशच अशा पोटभाडेकरूवर विसंबला होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेबाहेर बळकट सांकेतिक कुलूप पाठवायला अमेरिकी सरकारची बंधने होती. म्हणून कोरियाने 'सीड' नावाचे स्वतःचे कुलूप तयार केले. ब्राउझरला ते ठाऊक नव्हते, तेव्हा ते ॲक्टिव्ह-एक्समधून बसवले गेले. ॲक्टिव्ह-एक्स चाले ते विंडोजवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच. झाले! बँकेत पैसे भरायचे असोत की सरकारी दाखला काढायचा असो, विंडोज घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. २००० मध्ये अमेरिकेने बंधने सैल केली, तरी कोरियातली सवय सुटेना. २०१४ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांना जाहीर बैठकीत सांगावे लागले, की आपल्या दूरदर्शन मालिकेतला कोट परदेशी चाहत्यांना आवडतो. पण या भानगडीपायी त्यांना तो आपल्या दुकानांतून विकत घेता येत नाही. सहीच्या त्या जुन्या सरकारी प्रमाणपत्राचा विशेष दर्जा अखेर डिसेंबर २०२० मध्ये संपला. एका तात्पुरत्या सोयीने वीस वर्षे मुक्काम ठोकला होता.

फ्लॅशचे तसेच. एकेकाळी मुलांचे खेळ, कार्टून, शाळेचे धडे, सगळे फ्लॅशवर. २००७ मध्ये आलेल्या आयफोनने त्याला दारात उभे केले नाही. २०१४ मध्ये एचटीएमएल-५ हे प्रमाण जाहीर झाले आणि चित्र, आवाज, चलचित्र ही कामे ब्राउझर स्वतःच करू लागला. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला आणि पुढच्या १२ जानेवारीपासून त्याने स्वतःच चालायचे नाकारले. किती मुलांचे बालपण त्या दिवशी कुलूपबंद झाले असेल!

मराठी माणसाने तर हा धडा फार आधी गिरवलेला आहे. सुरुवातीच्या काळात मराठी संकेतस्थळ उघडले की आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागे. एका दैनिकाचा फाँट दुसऱ्याला चालत नसे, आणि फाँट नसला तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची भेळ. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा होती. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालीत मराठीची सोय आली, लिनक्स आणि मॅकवरही आली. आज कोणत्याही संगणकावर मराठी सरळ वाचता येते, कारण ती आता कुणा एकाच्या फाँटवर अवलंबून नाही, सर्वांनी मान्य केलेल्या प्रमाणावर उभी आहे.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे दादाचा दुसरा फोन. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दादाचा संगणक ठणठणीत, पण विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यात नाही. "नवा घेऊ, की तुझं ते लिनक्स घालू?" दादाने विचारले. या वेळी मी सल्ला दिला नाही. सांगलीला गेलो, जुन्या कॅलेंडरचे पान उलटे केले आणि संगणकावर कोण काय करते, ते सर्वांना विचारून लिहून काढले.

वहिनींचे काम म्हणजे बँक, वीजबिल आणि पाककृतींची चलचित्रे. नातीचा अभ्यास. ही सगळी कामे ब्राउझर एकटा करतो. घरमालक कोणीही असो. दादाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र फक्त विंडोजवरचे. सहीसाठी आता ब्राउझरमध्ये प्लगइन लागत नाही, संगणकात वेगळा छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो. पण तो प्रोग्रॅम आणि टोकनचा ड्रायव्हर दादाच्या कामाच्या ठिकाणी विंडोजसाठीच दिलेला. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिले. त्यासाठी आधीचे काही पुसावे लागत नाही. प्रिंटर चालला, मराठी टंकलेखन चालले, टोकन काही चालले नाही.

मग निर्णयाला पाच मिनिटे लागली. कचेरीसाठी विंडोज ११ चा एक साधा संगणक. जुना लिनक्स घालून घरी. चांगला चालता संगणक भंगारात गेला नाही, आणि दादाचे काम अडले नाही. कार्यप्रणाली कोणती चांगली, यावर तरुण मंडळी तावातावाने भांडतात. संसारी माणसाने आधी आपल्या कामांची यादी करावी, त्यातले कोणते काम कोणत्या पोटभाडेकरूवर अडले आहे ते पाहावे, आणि मग घरमालक निवडावा.

दादा आता निविदा आदल्या दिवशीच भरतो. सही उमटली की मला फोन करतो आणि एवढेच म्हणतो, "बटण जागेवर आहे रे."