भटकणं वाया जात नाही

बाजार उरकून रात्री बैलगाडी गावाकडे निघाली, की गाडीवान खुशाल डोळा लावतो. बैल आपणहून घराची वाट धरतात. पण समजा, वाटेतल्या ओढ्याला पूर आला आहे. मग गाडीवानाला उठावंच लागतं. "वरच्या अंगानं, देवळामागून काढू," असं म्हणून तो गाडी वळवतो. त्या वाटेनं त्यानं पूर्वी गाडी नेलेली नसेलही. मग ही वाट त्याला सुचली कशी?

वाट ठाऊक असण्याचे दोन प्रकार आहेत. एक सवयीचा : इथे डावीकडे, तिथे उजवीकडे. दुसरा नकाशाचा : कोणती जागा कोणत्या जागेला लागून आहे. जनावराच्या डोक्यात असा नकाशा असतो का, यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला. जनावर खाण्याच्या लोभानं शिकतं, खाणं नाही तर शिकणं नाही, असं अनेकांचं मत होतं. शाळेत आपणही बरेचदा हेच धरून चालतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातले टोलमन आणि त्यांचे सहकारी हॉन्झिक यांनी १९३० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेले उंदीर त्यांनी रोज एका भूलभुलैयात सोडले. एका गटाला शेवटी रोज अन्न मिळे. त्यांच्या चुका दिवसेंदिवस कमी होत गेल्या. दुसऱ्या गटाला पहिले दहा दिवस काहीच मिळालं नाही. ते इकडेतिकडे हिंडत, चुका करीत. अकराव्या दिवशी त्यांनाही अन्न ठेवलं. आणि गंमत पाहा, दुसऱ्याच दिवशी हे 'उनाड' उंदीर पहिल्या गटाच्या बरोबरीला आले! म्हणजे ते हिंडता हिंडता शिकत होते. फक्त ते दाखवायला त्यांना कारण नव्हतं.

हे घडतं कसं, ते समजण्यासाठी शास्त्रज्ञ आता संगणकात 'हिशेबी उंदीर' तयार करतात. पहिल्या प्रकारच्या उंदराला प्रत्येक वळणावर फक्त गुण मांडता येतात. अन्न सापडलं की शेवटच्या वळणाला गुण मिळतात. पुढच्या फेरीला ते त्याच्या आधीच्या वळणापर्यंत पोचतात. असे गुण मागे मागे सरकत दारापर्यंत यायला पुष्कळ फेऱ्या लागतात. दुसऱ्या प्रकारचा उंदीर हिंडताना 'इथून गेलं की तिथे पोचतो' एवढं टिपून ठेवतो. अन्नाची जागा कळली, की तो मनातल्या मनात उलटा हिशेब करून वाट काढतो. टोलमन यांचे उंदीर या दुसऱ्याच्या जवळचे दिसतात. सवयीचा हिशेबही मेंदूत चालतोच. रोजच्या वाटेला तो स्वस्त पडतो.

पण मेंदूत नकाशा खरोखर असतो का? १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याला उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, की उंदीर एका ठराविक जागी आला की त्यांतली ठराविक पेशी जागी होते. जागा बदलली की दुसरी. पुढे २००५ साली नॉर्वेमध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला शेजारच्याच भागात आणखी एका प्रकारच्या पेशी आढळल्या. त्या जमिनीवर जणू त्रिकोणांची जाळी आखून अंतर मोजतात. या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. शिवाय १९९४ साली असंही दिसलं, की दिवसा ज्या पेशी बरोबरीनं जाग्या झाल्या, त्या उंदीर झोपल्यावरही पुन्हा बरोबरीनं जाग्या होतात. जणू झोपेत उजळणीच चालते!

उंदरावरून मुलाची सारी पारख होत नाही, हे खरं. तरीही शिक्षक म्हणून एक गोष्ट मला टोचते. वर्गात गप्प बसलेल्या मुलाला 'याला काही येत नाही' म्हणून मीही कितीदा मोकळा झालो आहे. त्याला येत नव्हतं, की दाखवायला मी कारण दिलं नव्हतं?

गुरुजी, उद्या एवढं करून पाहा. मुलांना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगा. मग विचारा, "ही वाट बंद झाली तर कसे याल?" ओढ्याकाठी, बांधावरून हिंडणारं एखादं पोर, ज्याला आपण उनाड म्हणतो, तेच कदाचित सर्वांच्या आधी हात वर करील.